दगड ओढणारी माणसं

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यांतल्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हेस्ट्राफिओल्ड नावाची टेकडी आहे आणि तिच्या उतारावर नवाश्मयुगातली, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, दगडाची खाण आहे. काही लांबलचक शिळा तिथे अजून आडव्या पडून आहेत. त्यांतल्या एकीच्या खाली उत्खननात दगडांचे टेकू सापडले. म्हणजे ती शिळा मूळ खडकापासून सोडवून झाली होती, उचलून टेकूंवर चढवून झाली होती. खाली लाकडाची चौकट सरकवायची, दोर बांधायचे आणि ओढायला लागायचं, एवढंच बाकी होतं. ते झालं नाही. का झालं नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. ओढणारे आले नाहीत, भांडण झालं, रोगराई आली, की दुसऱ्या कुणी आधीच मोठा दगड नेऊन उभा केला म्हणून यांचा जीव उडाला, काहीही असू शकेल.

इथून दहा-बारा किलोमीटरवर ब्रॉडगरचं प्रसिद्ध शिळावर्तुळ आहे. माणसं तिथे बसेस भरभरून येतात, मीही आधी तिथेच गेले. पण उभ्या दगडांविषयी माझ्या मनात जे काही आज आहे, ते या पडलेल्या दगडामुळे आहे. उभा दगड बघितला की आपण लगेच विचारतो, याचा अर्थ काय? सूर्यासाठी, चंद्रासाठी, देवासाठी की मेलेल्यांसाठी? टेकूवरचा दगड असं काही विचारूच देत नाही. तो बघितला की आधी माणसं दिसतात. किती जण लागले असतील, कुणी बोलावलं असेल, त्यांच्या जेवणाचं काय केलं असेल?

ऑर्कनीत झाडं जवळजवळ नाहीतच. वारा मात्र इतका की उभं राहायचं तर पाय रोवून. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि तरी पुरता अंधार होत नाही. खाली सगळीकडे वाळूचा थराथरांचा जुना खडक आहे. पहारीसारखं काही फटीत घालून जोर दिला की त्याच्या सरळ, सपाट लाद्या सुटतात. निसर्गानेच कापून ठेवल्यासारखा दगड. म्हणून इथल्या लोकांनी घरं दगडाची बांधली, घरातल्या फडताळ्या दगडाच्या केल्या, झोपायच्या जागेला कडा दगडाच्या लावल्या. स्कारा ब्रे या त्या काळच्या गावात ते सगळं आजही जागच्या जागी दिसतं. हे लोक शेतकरी होते. गुरं, मेंढ्या आणि बियाणं होड्यांत घालून, पेंटलंडच्या सामुद्रधुनीचा खवळलेला प्रवाह ओलांडून ते इथे पोचले. ऑर्कनीत उंदराच्या जातीचा एक लहानसा प्राणी आहे, व्होल म्हणतात त्याला. तो ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सापडत नाही, पण समुद्रापलीकडे युरोपात सापडतो. नवाश्मयुगातल्याच कुणाच्या होडीत, बहुधा गुरांच्या चाऱ्यात बसून, तो आला असावा. मला हा तपशील फार आवडतो. ही बेटं जगाच्या टोकाला होती असं आपल्याला वाटतं. त्या होडीवाल्यांना तसं वाटत नव्हतं.

बेटाच्या मधोमध दोन सरोवरं आहेत, स्टेनेस आणि हॅरे. एकाचं पाणी मचूळ, दुसऱ्याचं गोडं. दोहोंच्या मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन शिळावर्तुळं आहेत. स्टेनेसचं वर्तुळ जुनं, इ.स.पू. ३१०० च्या आसपासचं. दक्षिण इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे प्रचंड दगड उभे राहिले त्याच्याही पाचेकशे वर्षं आधीचं. तिथे बारापर्यंत दगड असावेत, आज चार उभे आहेत. सगळ्यांत उंच सुमारे ५.७ मीटर. जाडी मात्र अगदी कमी, बाजूने पाहिलं तर पात्यासारखा. वरचा माथा तिरपा उतरलेला. त्याच्या पायाशी मेंढ्या चरत असतात आणि पाठ घासून घासून त्यांनी दगडाचा खालचा भाग गुळगुळीत केला आहे.

या वर्तुळाभोवती खंदक होता. तो मातीत नव्हे, खडकात खोदलेला, दोन मीटर खोल. हत्यारं कसली, तर दगडाची, हाडाची आणि शिंगाची. १९७३-७४ मध्ये ग्रॅहम रिची यांनी इथे उत्खनन केलं. वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी त्यांना काय सापडलं? चूल. चार मोठ्या दगडांनी चौकोनात बांधलेली, आतमध्ये कोळसा, जळकी हाडं, मडक्यांचे तुकडे.

या चुलीशी मी खूप वेळ उभी राहिले. स्टेनेसच्या शेजारीच, हाकेच्या अंतरावर, बार्नहाऊस नावाची वस्ती आहे. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रिचर्ड्‌स यांना ती १९८४ मध्ये सापडली. तिथल्या प्रत्येक घराच्या मध्यभागी अशीच चौकोनी चूल आहे, चार दगडांची, फक्त आकाराने लहान. आणि वर्तुळाच्या खंदकात आत शिरायला जो एकच रस्ता ठेवला होता, तो या वस्तीकडे तोंड करून आहे. म्हणजे ते वर्तुळ बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरच होतं. घरात भिंत असते तिथे इथे शिळा, दार असतं तिथे खंदकातली वाट, मध्ये चूल. वर छप्पर नाही. एका कुटुंबाला पुरेल त्याहून फार मोठं, सगळ्यांचं मिळून एक घर.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण उभ्या दगडांविषयी दुसरं एक म्हणणं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. १९९८ मध्ये ते मांडलं गेलं. मादागास्करचे पुरातत्त्वज्ञ रामिलिसोनिना इंग्लंडला आले होते आणि त्यांचे सहकारी माइक पार्कर पिअर्सन त्यांना एव्हबरी आणि स्टोनहेंजचे दगड दाखवत होते. हे दगड कशासाठी ते आम्हाला नीट कळत नाही, असं ऐकल्यावर रामिलिसोनिनांना नवलच वाटलं. त्यांच्याकडे जिवंत माणसांचं सगळं लाकडाचं, कारण लाकूड कुजतं, आणि पूर्वजांचं सगळं दगडाचं, कारण दगड राहतो. मग हे दगड पूर्वजांचेच असणार, यात कोडं ते कुठलं? त्यातून पार्कर पिअर्सन यांनी पुढे पूर्ण मांडणी केली. स्टोनहेंज मृतांचं, आणि दोन-तीन किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स इथली लाकडी खांबांची वर्तुळं, घरं आणि डुकरांच्या मांसाच्या मेजवान्या जिवंतांच्या. स्टोनहेंजला जळकी मानवी हाडं मोठ्या संख्येने सापडली आहेतच.

हे वाचलं तेव्हा मला लगेच पटलं, कारण मी असे दगड आधी पाहिले होते. माझं बालपण नागपूरचं. भामरागडकडे जाताना रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, ओळीने उभे केलेले दगड दिसतात. गडचिरोलीत आणि पलीकडे बस्तरमध्ये माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. आजही करतात. नातेवाईक जमतात, दगड आणतात, रोवतात, जेवण होतं. काही दगड कमरेएवढे, काही त्याहून उंच. घडवलेला एकही नाही. त्या ओळींसमोर उभं राहिलं की हे कुणाचे आहेत असा प्रश्न पडतो, कशाचे आहेत असा पडत नाही.

आणि नागपूरच्या वेशीवरच जुनापाणी आहे. तिथे दगडधोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत, वर्तुळांच्या आत पुरलेली माणसं आणि त्यांच्याबरोबर दिलेल्या वस्तू. त्यांतल्या काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने ती वर्तुळं उकरली आणि ते खळगे पाहून त्याला स्कॉटलंडच्या खडकांवरचे खळगे आठवले. त्यांची नोंद सर जेम्स सिम्प्सन यांनी करून ठेवली होती, तेच सिम्प्सन, ज्यांनी क्लोरोफॉर्मचा भूल म्हणून वापर सुरू केला. रिव्हेट-कार्नॅकने त्यावरून अंदाज बांधला की जगभर भटकणाऱ्या एकाच टोळीच्या शाखेने नागपुरातही वस्ती केली असावी. आज ते कुणी मानत नाही आणि मानण्याचं कारणही नाही. विदर्भातली वर्तुळं लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. ऑर्कनीचे दगड उभे राहिले तेव्हापासून त्यांच्यापर्यंत दोन हजारांहून जास्त वर्षं उलटली होती. दोहोंना जोडणारा धागा इतिहासात नाही. पण त्या माणसाला जे खळगे पाहून वाटलं, ते मला समजतं. ओळखीचं काही दिसलं की नातं असेल असं वाटतंच.

म्हणूनच ऑर्कनीने मला थोडं सावध केलं. तिथे झाडंच नाहीत. जिवंत माणसं दगडाच्या घरात राहत होती, दगडाच्या कपाटात मडकी ठेवत होती. दगड मृतांचा आणि लाकूड जिवंतांचं, ही वाटणी तिथे टिकत नाही. स्टेनेसच्या मध्यभागी थडगं नाही, चूल आहे. थडगी वेगळी आहेत. मेसहाउ हे त्यांतलं सगळ्यांत देखणं, इ.स.पू. २८०० च्या सुमाराचं. त्याच्या लांब, बुटक्या बोळातून डिसेंबरातल्या मावळत्या सूर्याचा उजेड थेट मागच्या भिंतीपर्यंत जातो. आतल्या दालनाच्या चारी कोपऱ्यांत चार उंच शिळा उभ्या आहेत आणि त्या भिंतीचा भार फारसा घेत नाहीत. काही अभ्यासकांना वाटतं की थडगं होण्याआधी तिथेही उघडं वर्तुळ असावं. तसं असेल तर जिवंतांचे दगड नंतर मृतांचे झाले. मला यात अवघड काही वाटत नाही. आपल्याकडेही घराचा उंबरा देवळाला लागतो, देवळाचा खांब कुणाच्या वाड्यात जातो. दगड माणसापेक्षा जास्त टिकतो, तेव्हा त्याचे अर्थ बदलणारच.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर. लॉकमारियाकेर इथे एक प्रचंड शिळा चार तुकडे होऊन पडली आहे. अखंड होती तेव्हा लांबी वीस मीटरच्या वर. इ.स.पू. पाचव्या सहस्रकातली, म्हणजे ऑर्कनीच्या वर्तुळांपेक्षा कितीतरी जुनी. तिच्या शेजारी दगडी छत असलेलं एक थडगं आहे आणि काही किलोमीटरवर गाव्रिनिस बेटावर दुसरं. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शार्ल-तांगी ल रू यांच्या लक्षात आलं की या दोन थडग्यांच्या छताच्या शिळा एकमेकींना जुळतात. एकीवर कोरलेल्या बैलासारख्या प्राण्याचा एक भाग आहे आणि उरलेला भाग दुसरीवर. कुणे एके काळी ती एकच उभी शिळा होती. ती पाडली, तोडली आणि तिचे तुकडे दोन वेगवेगळ्या थडग्यांत नेले. ज्यांनी पाडली ते परके आक्रमक होते, की त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं? गाव्रिनिसला शिळेची कोरीव बाजू छतावर वरच्या अंगाला आहे, थडग्यात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही. तरी त्यांनी तोच तुकडा निवडला आणि आज बेट असलेल्या, समुद्रकाठच्या त्या टेकडीवर ओढत नेला. मला वाटतं, तुकडा कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक असणं पुरेसं होतं.

दगड कुठून आला, ही गोष्ट ब्रॉडगरलाही महत्त्वाची निघाली. हे वर्तुळ स्टेनेसच्या नंतरचं, इ.स.पू. २५०० च्या आसपासचं. व्यास १०४ मीटर. मूळचे ६० दगड असावेत, त्यांतले ३६ शिल्लक आहेत, काही उभे, काहींचे नुसते खुंट. एकावर १९८० मध्ये वीज पडली, त्याचे तुकडे तिथेच आहेत. खंदक इथेही खडकातलाच, पण तीन मीटरहून खोल. हे पाहून कॉलिन रेन्फ्रू यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी म्हटलं की एवढं काम म्हणजे मागे कुणी तरी बलवान नायक असणार. लहान लहान टोळ्यांचे प्रमुख जाऊन एक मोठा प्रमुख आला, त्याच्या हुकमाने हे उभं राहिलं. ऐकायला सरळ वाटतं. मोठं काम दिसलं की आपण राजा शोधतो, ही आपली सवय आहे.

रिचर्ड्‌स यांनी दगडच तपासायला घेतले. ब्रॉडगरच्या शिळा एका खाणीतल्या नाहीत. रंग वेगळा, पोत वेगळा, बेटाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या. खड्डे खोदून पाहिले तर काही शिळा आश्चर्य वाटावं इतक्या उथळ रोवलेल्या. ज्याला कायमचं काही उभारायचं आहे, तो असं करणार नाही. त्यावरून त्यांचं म्हणणं असं की वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी आपापला दगड आणला. खाणीतून काढणं, वाटेने ओढणं, सगळ्यांसमोर उभा करणं, हाच सोहळा होता. आमचा दगड तुमच्याहून उंच, आम्ही लांबून आणला, आमच्याकडे एवढे लोक जमतात, अशी चढाओढही त्यात असणार. वर्तुळ पुरं झालं की नाही याला महत्त्व नव्हतं, कदाचित ते कधी पुरं व्हायचंच नव्हतं.

मी या म्हणण्याच्या बाजूची आहे. व्हेस्ट्राफिओल्डची ती शिळा बघितल्यावर दुसऱ्या बाजूला जाणं मला जमत नाही. शेतीवाडी करणाऱ्या, विखुरलेल्या कुटुंबांना एकमेकांशी बांधून घ्यायला काही तरी लागतंच. वर्षभर आपापल्या वाडीत राहणारी माणसं एका दोराला हात लावतात तेव्हा जे होतं, ते नुसतं एकत्र बसून होत नाही. दोर ओढताना कोण जोर लावतंय आणि कोण नुसता धरून आहे, हे शेजारच्याला कळतं. पुढच्या हंगामात कुणाकडे बैल मागायचा, कुणाच्या घरात मुलगी द्यायची, हे तिथे ठरत असेल. दगड उभा राहिला की त्या दिवसाची साक्ष राहते. आम्ही आलो होतो, हा बघा आमचा.

पण या चित्रात एक काळजीची जागा आहे आणि ती मला टाळावीशी वाटत नाही. ज्या वाडीत दगड ओढण्याइतकी माणसंच उरली नसतील, तिचं काय झालं? राजा नसला म्हणजे जुलूम नसतो असं नाही. चारचौघांत कमी पडण्याची भीती हुकमाइतकीच माणसाला राबवते. लग्नकार्यासाठी कर्ज काढणारी घरं आपण पाहिली आहेत. टेकूवर राहून गेलेल्या त्या दगडामागे अशी एखादी वाडी असेल, तर पुढच्या वेळी तिचे लोक कुठल्या तोंडाने वर्तुळात गेले असतील?

दोन वर्तुळांच्या मधल्या पट्टीवर २००३ मध्ये नेस ऑफ ब्रॉडगर सापडलं. जाड भिंतींच्या मोठमोठ्या इमारती, भिंतींवर लाल-पिवळ्या रंगाच्या खुणा, सगळ्याला वेढणारी दगडी भिंत. निक कार्ड यांच्या देखरेखीखाली दर उन्हाळ्यात तिथे काम चालायचं. २०२४ मध्ये उत्खनन संपलं आणि जपणुकीसाठी सगळं पुन्हा मातीखाली झाकलं. सगळ्यांत मोठ्या इमारतीभोवती, तिच्या शेवटच्या काळात, गुरांच्या पायांच्या हाडांचा प्रचंड थर टाकलेला सापडला. ४०० हून जास्त गुरं असावीत असा अंदाज होता. ज्यांच्या घरात गुरं हीच संपत्ती, त्यांनी एवढी कापली, खाल्ली आणि हाडं इमारतीभोवती रचली. दगड ओढण्याच्या दिवशीही असाच खर्च होत असेल, याहून लहान का होईना.

स्टेनेसला पूर्वी वर्तुळाबाहेर एक भोक असलेला दगड होता, ओडिनचा दगड म्हणायचे. ओडिन हा फार नंतर आलेल्या नॉर्स लोकांचा देव, म्हणजे नाव पुढच्यांनी दिलेलं. त्या भोकातून दोन बाजूंनी हात घालून प्रेमिक एकमेकांचा हात धरायचे आणि शपथ घ्यायचे. त्या शपथेला लोक इतकं मानत की ती मोडणं म्हणजे मोठी नामुष्की. १८१४ च्या डिसेंबरात जमीन कसणाऱ्या कॅप्टन मकाय नावाच्या कुळाने, दगड बघायला येणाऱ्यांचा त्रास होतो म्हणून, तो फोडला. वर्तुळातलाही एक फोडला, एक पाडला. ऑर्कनीचे लोक इतके खवळले की त्याचं घर पेटवण्याचे प्रयत्न झाले. हे दगड उभारणाऱ्यांची भाषा त्या लोकांना माहीत नव्हती, त्यांचा धर्म माहीत नव्हता, नावही माहीत नव्हतं. पण दगडापाशी दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. दगड पुन्हा पुन्हा नव्या माणसांना एकमेकांशी बांधत राहिला, आणि मला त्याचा एवढा एकच अर्थ सलग टिकलेला दिसतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की स्टोनहेंजच्या मध्यभागी आडवी पडलेली शिळा, जिला वेदीचा दगड म्हणतात, ती वेल्सची नसून स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली आहे. वजन सहा टन, अंतर किमान ७०० किलोमीटर. ऑर्कनीत सुरू झालेली खोबणीदार नक्षीच्या मडक्यांची पद्धत दक्षिणेकडे स्टोनहेंजपर्यंत पोचली होती, हे आधीच माहीत होतं. त्यामुळे शिळाही ऑर्कनीचीच असणार, असं अनेकांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मनापासून हवं होतं. पुढच्याच महिन्यात स्टेनेस आणि ब्रॉडगरचे दगड तपासून संशोधकांनी सांगितलं की खनिजं जुळत नाहीत, ऑर्कनी नव्हे. आता मुख्य भूमीवरच्या ईशान्य किनाऱ्यावर शोध चालू आहे. कुठल्या वाटेने गेली, होडीतून की जमिनीवरून, यावर वाद रंगलेत आणि ते रंगू देत. मला वाट आहे ती खाण सापडण्याची. खाण सापडली की शेजारी वस्ती शोधता येईल, वस्तीत चुली सापडतील, कदाचित अर्धवट सोडवलेली आणखी एखादी शिळा. सातशे किलोमीटर दूरच्या लोकांना आपला दगड द्यायचा, हे कुठल्या वाडीने ठरवलं आणि निरोप द्यायला कोण कोण बरोबर चालत गेलं, याचा माग तिथूनच लागू शकेल.